बेचाळिसावा जोड

प्रिय बारक्या,

तू वर्तमानपत्र मागून वाचतोस, गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडतोस आणि नव्या यंत्राची माहितीपुस्तिका तर उघडतच नाहीस. हे पत्र तेवढं पुढून वाच. सहा वर्षांत तुझ्याकडे एवढं एकच मागते आहे. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते दोन दिवस फ्रिजवर टाकून ठेवलं असशील, आणि वहिनीने रोज थोडं पुढे सरकवलं असेल. तिला माझ्याकडून थँक्यू सांग. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

माझं म्हणशील तर ठीक चाललंय. गुडघे आईवर गेले आहेत आणि तोंड बाबांवर, त्यामुळे ऑफिसात कुणी फारसं जवळ येत नाही. चौथ्या मजल्यावरचा तोच फ्लॅट. तू ज्या खोलीत झोपायचास तिथे आता इस्त्रीचं टेबल आणि जुनी मासिकं आहेत. तुम्ही सामान हलवलंत त्या दिवशी पिठाच्या मोठ्या डब्याचं झाकण इथेच राहिलं. ते अजून ओट्याखाली आहे. दरवर्षी साफसफाईत ते हातात येतं, दरवर्षी मी म्हणते की पाठवून द्यावं, आणि पुसून परत ठेवते. तुम्ही त्या डब्यावर काय झाकता कोण जाणे.

आई दर रविवारी अकरा वाजता फोन करते, हे तुला माहीत आहेच. कानाला फोन लावायचा तिला कंटाळा, म्हणून स्पीकरवर टाकते आणि भाजी निवडता निवडता बोलते. ती बोलत असते तिच्या कंबरेबद्दल, शेजारच्या मास्तरीणबाईंबद्दल, आणि मी मागचे आवाज ऐकत असते. आयुष्यभर आवाज हुसकावण्याचं काम केलेली बाई मी, पण रविवारी अर्धा तास तुझ्या घरातला एकही आवाज सुटू देत नाही. तुमच्या नळाला वायसर हवाय, बंद केल्यावरही टपटपतो. एक खुर्ची ओढताना किंचाळते, तिच्या पायाला रबर लाव. तुझी लेक जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरते: दहा, अकरा, बारा, चौदा. चार वर्षांची होईल आता. तिला मी पाहिलेली नाही, पण तिचं तेरा हरवलंय हे मला माहीत आहे. शेवटी आई विचारते, तो इथेच आहे, देऊ का? मी म्हणते राहू दे, कामात असेल. मागून तू म्हणतोस, मी आंघोळीला चाललोय. सहा वर्षं दर रविवारी साडेअकराला आंघोळ करणारा माणूस जगात तू एकटाच असशील. आई कुणाचीच बाजू घेत नाही. तुमचं तुम्ही बघा, म्हणते, आणि फोन ठेवते. मग या घरात सोमवार सकाळपर्यंत कुणी बोलत नाही.

वहिनी हे वाचत असेल तर तिच्यासाठी थोडं आमच्या कामाचं सांगते. तू कधी सांगितलं नसशील, लग्नानंतर चारच महिन्यांत सगळं विस्कटलं. केसाएवढा बारीक काचेचा धागा असतो. त्याची टोकं जोडून वेढा करायचा आणि त्यात प्रकाश फिरवायचा. दर फेरीला प्रकाशाचा एक ठोका बाहेर पडतो, इतका छोटा की घड्याळाच्या टिकटिकीला त्याच्या मानाने युग म्हणावं लागेल. हाच आमचा लेसर, सेकंदाला असे आठ कोटी ठोके. आमचं काम एवढंच की प्रत्येक ठोका नेमका त्याच्या वेळेला पडला पाहिजे. किंचित अलीकडे-पलीकडे झाला की त्याला आम्ही गोंगाट म्हणतो. कानाला काही ऐकू येत नाही, आलेखावरची रेघ तेवढी वर चढते. आणि हा धागा मोठा हळव्या कानाचा. बाहेर कुणी बूट आपटत गेलं तरी त्याला कळतं. म्हणून खोलीला खिडकी नाही, दाराला लोकरीचा जाड नमदा, टेबल हवेच्या पायांवर, आणि मोजणी चालू असताना बोलायचं नाही हा नियम. आपण दोघं चिठ्ठ्या लिहायचो. तू निम्म्या चिठ्ठ्यांवर साहेबांची चित्रं काढायचास. तुझं ते नाकातल्या नाकातलं गुणगुणणं आलेखावर उंचवटा होऊन दिसायचं, आणि मी पट्टीने टेबलावर टकटक केलं की मला पट्टीचा उंचवटा दाखवायचास.

आता ती खोली माझी एकटीची आहे. मोजणीच्या वेळी नियम पाळायला दुसरं कुणी नाही, तरी मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा जवळ ठेवते. दुपारी साडेबाराला डबा तिथेच खाते, कारण कँटीनमध्ये चौघांच्या टेबलावर एकटीने बसलं की लोक येऊन विचारतात, इथली खुर्ची घेऊ का.

असो. तुझे हात मला आठवतात ते सांगते. धागा सोलायचा, पुसायचा, हिऱ्याच्या पात्याने टोक छाटायचं, दोन टोकं समोरासमोर धरायची आणि ठिणगी पाडायची. इतरांचे पाचातले दोन जोड फुकट जायचे, तुझा एकही जायचा नाही. आपल्या धाग्याला उभी बाजू आणि आडवी बाजू असते, टोकाला टोक लागलं तरी बाजू फिरलेली असू शकते, म्हणून तू प्रत्येक जोडानंतर अर्धा तास ती बाजू तपासायचास. मी घाई करायचे. तू म्हणायचास, ताई, तू डोकं चालव, हात मी चालवतो. मी सगळ्यांसमोर हसायचे. खरं सांगायचं तर ते मला झोंबायचं. धाकट्या भावाला या धंद्यात मी आणलं, आणि माझेच हात कुचकामी ठरवायला लागला, असं वाटायचं. जोडवहीत दोन लेसरचे मिळून एक्केचाळीस जोड होते आणि प्रत्येकापुढे सहीच्या जागी तुझा तो गोल ठिपका. माझी एकही सही नव्हती.

दोनच लेसर होते, तिथेच सगळी मेख होती. इतक्या नेमक्या ठोक्यांच्या लेसरला मोजायला त्याच्यापेक्षा नेमकं यंत्र जगात मिळत नाही, म्हणून त्याच्यासारखाच दुसरा बांधायचा आणि एकमेकांशी ताडून पाहायचे. थोरला माझ्या आराखड्याचा, जुना, भरवशाचा. धाकटा तुझ्या आराखड्याचा. काचेत प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या चालीने जातात, ठोका फाकतो. तू दोन तऱ्हेचे धागे असे मापून घेतलेस की एकाने फाकवलेलं दुसरा जवळजवळ सगळं गोळा करील. कागदावर तो माझ्यापेक्षा शांत होता. पण दोन लेसर ताडले आणि गोंगाट निघाला, तर तो थोरल्याचा की धाकट्याचा, हे सांगायला तिसरा लागतो. तिसरा बांधायला सात महिने लागले असते. साहेबांनी सात आठवडे दिले होते.

मधेच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, आठवतंय ना. तिला घेऊन जायची पाळी माझी होती. मी म्हणाले मला थोरल्याचे वेढे पेटीत घालून ती बंद करायची आहे, तूच जा. तू गेलास. संध्याकाळी आई काळा चष्मा लावून सोफ्यावर बसली होती आणि विचारत होती की मी सिनेमातल्या गुप्तहेरासारखी दिसते का. तू तिला वरण भरवत होतास. मला म्हणालास, काय ताई, झाली का पेटी बंद? मी म्हणाले, झाली.

त्यानंतर चारच दिवसांत गोंगाट उगवला. सकाळी कमी, दुपारी खोली तापली की जास्त. सात आठवडे आपण शोधत होतो. तू धाकट्याची पेटी दोनदा उघडलीस, वेढे हलवून पाहिलेस, पुन्हा बंद केलीस. मग साहेबांच्या खोलीतली ती बैठक. त्यांनी आपल्या दोघांना एकच प्रश्न विचारला, की पेट्या एकदा सील झाल्यावर कुणी उघडल्या का? तू म्हणालास, धाकटा मी दोनदा उघडला. मी म्हणाले, थोरला नाही. तू खरं बोललास आणि ते तुझ्यावरच शेकलं. तुझा आराखडा त्यांनी तपासला, गणितात चूक नव्हती, म्हणजे उरले हात. अहवालात लिहिलं गेलं, जोडणीतील हलगर्जीपणा. खाली माझी सही आहे.

त्या रात्री जेवताना तू मला विचारलंस, ताई, तुला तरी वाटतं का माझ्या हातात खोट आहे? मी ताटातून मान वर न करता म्हणाले, आलेख खोटं बोलत नाही. तू उठून हात धुतलेस. महिन्याभरात राजीनामा, ट्रक, आई पुढच्या सीटवर, आणि मी जिन्यात.

आता नवी बातमी. गेलं दीड वर्ष मी तिसरा लेसर बांधत होते. एकटीनेच, माझ्या बाद हातांनी. पाचातले तीन जोड फुकट घालवत, पण प्रत्येकाची बाजू अर्धा तास तपासून. तो झाल्यावर थोरल्याशी ताडला, तर गोंगाट. मला वाटलं, आपल्या हातचं, असंच असणार. तीन महिने मी त्या तिसऱ्याची चिरफाड करत होते. दिवे बदलले, पंखा बंद केला, जमिनीवर गालिचा टाकला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. शेवटी ताडायला आणखी काही नव्हतं म्हणून भांडाराच्या कपाटातून तुझा धाकटा काढला. फडक्यात गुंडाळलेला होता, वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी होती, हळू, झोपलाय. मंगळवारची दुपार होती, तीन वाजले असतील. तिसरा आणि धाकटा जोडले आणि रेघ खाली गेली. इतकी खाली की मला वाटलं वायर निघाली. वायर तपासली, बदलली, पुन्हा लावली. रेघ तिथेच, तळाला. सहा वर्षं कपाटात पडून तुझ्या लेसरचा एक ठोका चुकत नव्हता. मग धाकटा थोरल्याशी लावला, आणि तोच जुना गोंगाट, तोच दुपारचा चढ. मी स्टुलावर बसून राहिले. शेजारी कुणी असतं तर चिठ्ठी लिहिली असती.

थोरल्याची पेटी मी त्याच दुपारी उघडली, आणि बारक्या, मला शोधावं लागलं नाही. कुठे पाहायचं ते मला माहीत होतं. आई ऑपरेशनच्या टेबलावर होती त्या दुपारी मी सील केलेली पेटी पुन्हा उघडली होती, कारण झाकणाच्या कडेतून धाग्याचा एक वेढा डोकावतोय असं वाटलं. आत ढकलताना तो झाकणाखाली चिमटला आणि तुटला. तुझी वाट पाहायची, सकाळी सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण तू काय म्हणशील ते मला ऐकू यायला लागलं. हात मी चालवतो. म्हणून तो जोड मीच केला. तू प्रत्येक वेढ्यात दोन फेरे जास्तीचे सोडायचास, त्यामुळे धागा पुरला. यंत्राने जोडातून प्रकाशाची गळती जवळजवळ शून्य दाखवली आणि मला इतका आनंद झाला की बाजू तपासायचा अर्धा तास मी सोडून दिला. वहीत लिहिलं नाही. त्या मंगळवारी मोजली. बाजू चार अंशांनी फिरलेली होती. थोडा प्रकाश चुकीच्या बाजूने जायचा, मागाहून यायचा आणि पुढच्याला धक्का द्यायचा. आलेख खरंच खोटं बोलत नव्हता. त्या खोलीत खोटं मीच बोलत होते. गोंगाट माझ्या जोडाचा आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगते. पण असा एक जोड आहे हे ठाऊक होतं, साहेबांनी विचारलं तेव्हा, तू जेवताना विचारलंस तेव्हाही. नाचता येईना म्हणून मी अंगणही वाकडं म्हटलं नाही, शेजारी नाचणाऱ्याकडे बोट दाखवलं.

हे कळूनही मी पाच आठवडे गप्प बसले, तेही सांगून टाकते. रोज पत्राला बसायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई माझ्याबद्दल म्हणायची ते उगाच नाही. सोमवारी मात्र साहेबांकडे गेले. ते म्हणाले, सहा वर्षांनी कशाला उकरता, आता कुणाला काय फरक पडतो? मी म्हणाले, मला तो कागद हवा आहे. आज सकाळी मिळाला, यासोबत जोडला आहे. जुन्या अहवालातलं ते वाक्य रद्द झालंय, दोष माझ्या नावावर आहे, आणि पुढच्या महिन्यापासून खोलीची जबाबदारी माझ्याकडे नसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटत नाही. कागद वहिनीकडे ठेवायला दे. तू त्यावर चहाचा कप ठेवशील.

सोमवारीच का, तर आदल्या रविवारी आई भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली. तू रस्त्याकडेच्या पेट्यांमध्ये इंटरनेटच्या तारा जोडतोस हे मला माहीत होतं. पण ती म्हणाली, पोराला घरी यायला फार उशीर होतो गं, एकेक जोड तीनतीनदा तपासतो, बरोबरच्याला पुन्हा बघायला लावतो. शिकवायला बोलावलं होतं नव्या मुलांना, तर नाही म्हणाला, माझ्या हाताची मलाच खात्री नाही म्हणे. तिच्या मागे जिन्यावर तुझी लेक मोजत होती, आणि बाराच्या पुढे ती तेरा म्हणाली. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मला वाटत होतं तू माझ्यावर चिडून बसला आहेस, आणि ते मला चालत होतं. तू स्वतःवर संशय घेत बसला आहेस हे मला माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र. तू शेवटचं पान आधी उघडलं असशीलच, तेव्हा नीट वाच: तुझ्या हातात खोट नाही, कधीच नव्हती. जोडवहीत बेचाळीस नंबरची ओळ मी लिहिली आहे, तारीख त्या दुपारची, सही माझी, शेऱ्यात लिहिलंय, चुकीचा जोड. तो जोड कापून टाकलाय. तू सोडलेल्या जास्तीच्या फेऱ्यातला एक अजून शिल्लक आहे, दोन्ही टोकं टेपने चिकटवून ठेवली आहेत, मी हात लावणार नाही. त्रेचाळीसची ओळ मोकळी आहे. यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी ती तुझीच राहील. येत्या रविवारी आईने देऊ का विचारलं, की मी दे म्हणणार आहे. तू आंघोळीला गेलास तरी हरकत नाही. मी फोन धरून थांबेन.

तुझीच,
ताई